सहाव्या गाडीची काच

झारीबाईला खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी सगळ्या दुनियेला ती झारीबाई. गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायच्या, आणि कुणाच्या काचेतून पाणी आत येत असेल तर ते नेमकं कुठून येतं ते शोधून बंद करायचं, हा तिचा धंदा. शोधायला तिच्याकडे मोठं यंत्र होतं म्हणाल, तर फुलझाडांना पाणी घालायची एक पत्र्याची झारी! इतर गॅरेजवाले जोराचा पाइप घेऊन काचेवर मारा करायचे. ते बघितलं की हिच्या डोक्यात तिडीक जायची.

"अरे मेल्या, एवढ्या जोराने मारलंस तर चांगली काचसुद्धा गळेल! पाऊस कधी असा पडतो का रे?"

तिची रीत ठरलेली होती. काचेच्या आतल्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या. आतून चौकटीवर खडूची पूड भुरभुरवायची. मग एकाने आत बसायचं, एकाने बाहेरून झारीने पाणी सोडायचं. तेही खालच्या कडेपासून. वीतभर जागा, दोनशे आकडे मोजायचे, मग पुढची वीत. खालची कड झाली की बाजू, आणि सगळ्यात शेवटी वरची कड. वरून सुरू केलं की पाणी सगळीकडे ओघळतं आणि मग बसा बोंबलत. "पाणी शिरतं एकीकडून, चालतं दुसरीकडून आणि टपकतं तिसरीकडे," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. "जिथे टपकतं तिथे सिलिकॉन फासणारा माणूस शहाणा नव्हे."

रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. अर्धी तिची, अर्धी ताईची. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, ती गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. ताई कमी बोलायची, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या. धाकटीच्या ओठांत काहीच नसायचं, त्यामुळे दोघींच्या वाट्याचं हीच बोलायची. ताई कधीमधी टाचण्या काढून म्हणायची, "बये, तोंड आवर. गिऱ्हाईक आहे ते, तुझा नवरा नाही." नवरा होता तेव्हा त्यालाही तिने काही कमी ऐकवलं नव्हतं म्हणा. तो बिचारा हसत हसत गेला.

तर या झारीबाईच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बढाई म्हणजे सहा काचा. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका कंपनीने सहा जुन्या मिनीबस विकत घेतल्या होत्या. सहाही गाड्यांच्या काचा चरे पडून आंधळ्या झालेल्या. शाळा उघडायच्या आत नव्या बसवायच्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "तीन दिवस लागतील ना?" ही म्हणाली, "तीन दिवस काय करू? उद्या संध्याकाळी सहाच्या सहा घेऊन जा." आणि खरंच केलं हो! उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. रबरी वाट्या काचेला चिकटवून एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला ही. सहावी काच बसली तेव्हा दोघींच्या दंडांत त्राण नव्हतं. पण पुढचे आठ महिने जो भेटेल त्याला ती सांगत सुटली होती. दूधवाल्याला, पोस्टमनला, दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असतानासुद्धा.

एक माणूस मात्र कौतुक करायला तयार नव्हता. त्यातल्या सहाव्या गाडीचा ड्रायव्हर. मुलं त्याला काका म्हणायची म्हणून सगळेच काका म्हणत. बावीस वर्षं गाडी चालवणारा, एकही अपघात नाही, आणि त्याबद्दल थोडासा चढेल. काच बसली त्या संध्याकाळी तो इतर ड्रायव्हरांना म्हणाला होता, "दार जपून लावा रे. बाईच्या हातची काच आहे, मांडीवर येऊन बसायची." सगळे खो खो हसले. झारीबाई चार पावलांवर होती, तिने ऐकलं. असल्या गोष्टी ती विसरत नसे.

आठ महिन्यांनी डेपोतून निरोप आला. काकाची गाडी चौकाच्या ऐन मध्यावर बंद पडली होती, आत एकोणीस मुलं. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये पाणी जाऊन सगळं जळलं होतं. मुलांना काही झालं नाही, पण धूर झाला, मुलं रडली, पालकांनी कंपनीचा फोन दणाणून सोडला. मॅनेजरने तपास केला, म्हणजे खुर्चीत बसून निकाल लावला, की ड्रायव्हरने आतली जमीन पाइपने धुतली आणि पाणी फ्यूजबॉक्समध्ये गेलं. काकाला घरी बसवलं. काका म्हणत होता, "मी पाइप लावला नाही. दोन दिवस अवकाळी पाऊस होता, पाणी काचेतून आलं."

"काचेतून?" झारीबाईच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. "माझ्या काचेतून?"

ताईने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "जा, पण बघून बोल. आधी बोलून मग बघू नकोस."

ती झारी, बादली, खडूची डबी आणि टॉर्च घेऊन डेपोत पोचली ती भांडायच्याच तयारीने. मॅनेजर तिला आधी केबिनमध्ये घेऊन गेला. माणूस गोड बोलणारा, इस्त्रीचा, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. पंखा तिच्याकडे वळवून त्याने एक कागद पुढे केला. टाइप केलेला. 'काचेची तपासणी केली, गळती आढळली नाही.' खाली सहीला जागा.

"फक्त सही करा, बाई. तुमची काच, तुमची खात्री. संध्याकाळी त्या ड्रायव्हरचा निकाल लावून टाकतो. उगाच कामावरून काढलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तुमचा कागद."

"तपासणी अजून झाली नाही."

"ती झाल्यासारखीच आहे."

सही करायला तिची ना नव्हती, काकाची जिरावी असं तिलाही मनापासून वाटत होतं. पण न बघता सही? ते तिच्या रक्तात नव्हतं. "बघून करते," ती म्हणाली. "घोडामैदान जवळच आहे. त्या काकांना बोलवा. पाणी त्यांनीच ओतायचं. नंतर म्हणायला नकोत, बाईने कमी ओतलं."

काका आला. दाढी वाढलेली, शर्ट मात्र धुतलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिने त्याच्याकडे. तिने गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई उचलली, आणि तिथेच तिला पहिला धक्का बसला. चटईचा वरचा भाग कोरडा खडखडीत होता. खालचं जाड कापड पिळून काढावं इतकं ओलं, आणि कुबट वास. वरून पाइप मारला असता तर चटई वरून धुतली गेली असती, धूळ गेली असती. इथे चटईवर मुलांच्या बुटांची आठवड्याची माती तशीच होती. पाणी खालून, मागून, डॅशबोर्डच्या पोटातून आलेलं होतं.

"जुनी गाडी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "छतातून येईल, दाराच्या रबरातून येईल." आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं. पण आतून ती चरकली होती.

पट्ट्या काढल्या, खडू भुरभुरवला. मॅनेजर आत बसेना, त्याच्या पँटची घडी मोडली असती. म्हणून आत ती एकटी, बाहेर झारी घेऊन काका, आणि बाजूला सावलीत मॅनेजर घड्याळ बघत उभा. डेपोतले पाच-सहा ड्रायव्हर लांबून बघत होते.

"खालची कड, उजवा कोपरा. सोडा पाणी!"

दोनशे मोजले. काही नाही. पुढची वीत. काही नाही. खालची कड संपली, उजवी बाजू संपली, डावी बाजूही संपली. खडू पांढराशुभ्र. झारीबाईचा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला आणि जिभेला पुन्हा धार आली.

"काय काका, हात दुखतो का? मांडीवर आली का काच?"

 काका झारी भरून परत आला. वरची कड, उजवीकडून. मधला भाग. मग बाहेरून डावा, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा वरचा कोपरा. एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर... आणि कोपऱ्यातला खडू करडा झाला.

आधी टाचणीच्या डोक्याएवढा. मग नखाएवढा. मग त्यातून एक थेंब फुगला, सुटला आणि चौकटीच्या आतून खाली दिसेनासा झाला. तिने टॉर्च मारला. थेंब काचेच्या बाजूच्या खांबाच्या पोकळीतून उतरला, डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यावरून वळला आणि बरोब्बर फ्यूजबॉक्सच्या झाकणावर पडला. टप्. मागून दुसरा.

तिला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल, तर राग. काकाचा राग, की हा मेला खरं बोलत होता! मग लाजेने तिचे कान तापले. कारण तिला तो कोपरा आठवला. सहावी गाडी, अंधारत आलेलं, काच चिकटवणारा जुना सीलंट कापताना चाकू सटकला होता आणि चौकटीचा रंग खरवडून पांढरा पत्रा उघडा पडला होता. अशा ओरखड्यावर प्राइमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, लावायचा असतो आणि तो वाळेपर्यंत हाताची घडी घालून बसायचं असतं. नाहीतर उघड्या पत्र्याला गंज धरतो, गंज रंगाखाली पसरतो, आणि रंग सुटला की त्याला चिकटलेला सीलंटही सुटतो. नवशिक्यालाही माहीत असलेली गोष्ट! पण बाटलीत प्राइमर संपला होता. दुसरी बाटली शेडमध्ये होती. आणि हिला संध्याकाळच्या आत सहा काचा करून दाखवायच्या होत्या. सीलंट जरा जास्त फासू, म्हणजे झालं, असं म्हणून तिने काच बसवली होती.

"काय दिसतंय, बाई?" मॅनेजरने बाहेरून विचारलं.

आत ती एकटी होती. खडूवरून बोट फिरवलं की संपलं. 'काही नाही' म्हणायचं, कागदावर सही करायची, घरी जायचं. काका संध्याकाळी बेकार, आणि तिचं नाव शाबूत. बावीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला, पोरांचे जीव धोक्यात घातले म्हणून काढलेल्या माणसाला, पुन्हा कोण गाडी देणार होतं?

तिने काचेतून बाहेर पाहिलं. काका झारी धरून उभा होता. धार तिने सांगितल्या जागेवरच होती. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. मनात आणलं असतं तर बादली भडाभडा ओतून त्याने सगळंच ओलं केलं असतं. कोण बघत होतं? पण हा शहाणा दोनशे मोजत होता. ओठ हलताना दिसत होते. झारीबाईने बोट खडूपासून लांब घेतलं.

"गळतंय!" ती ओरडली. "काका, थांबू नका, ओता! आणि साहेब, तुम्ही आत या. पँट गेली खड्ड्यात. बोट लावून बघा इथे!"

मॅनेजर आला नाही. लांबचे ड्रायव्हर मात्र धावत आले. एकेकाने आत वाकून बोट लावलं. काकाने झारी खाली ठेवली आणि गाडीला पाठ टेकून उभा राहिला. 

"आपण आत बसून बोलू," मॅनेजर म्हणाला.

केबिनचं दार लावून तो खुर्चीच्या कडेवर बसला. आवाज आणखी गोड झाला. "बाई, तुम्हाला समजतंय का तुम्ही काय करताय? चूक तुमची निघतेय. पालक तुमच्यावर येतील. कंपनीचं काम तुम्हाला देता येणार नाही. त्यापेक्षा तो कोपरा गुपचूप दुरुस्त करा. सही करा. ड्रायव्हरचं काय, तीन वर्षांत निवृत्तच होतोय."

"मग ती तीन वर्षं तो गाडी चालवेल."

"तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"पाय माझा, धोंडा माझा. तुम्हाला कशाला दुखतंय? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का, साहेब?" तिने तो टाइप केलेला कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. तिचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं, शाळा चौथीतच सुटलेली. 'काच मी बसवली. ओरखड्यावर प्राइमर लावला नाही. पाणी तिथून आलं. चूक माझी. ड्रायव्हरने काही केलेलं नाही.' सही केली. मग कागद त्याला न देता दार उघडून बाहेर आली आणि जमलेल्या ड्रायव्हरांना मोठ्याने वाचून दाखवला. मगच तो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

त्याच दुपारी तिने आवारात सगळ्यांसमोर ती काच कापून काढली. कोपऱ्यात तळहाताएवढा गंज होता. ती तो खरवडत होती तेव्हा काका जवळ येऊन उभा राहिला.

"बाई, मी तेव्हा जे बोललो होतो ना..."

"बोललात ते बोललात. आणि खरंच बोललात, आता काय करायचं त्याचं? ते कापड द्या इकडे."

काकाला मॅनेजरने वाकडं तोंड करून परत घेतलं. एवढ्या लोकांनी ऐकलेला कागद गिळणार कसा? झारीबाईला मात्र आवारात सगळ्यांदेखत सांगितलं, ही काच बसवून झाली की पुन्हा आवारात पाऊल ठेवायचं नाही.

"ठेवत नाही. पण त्या दिवशीच्या उरलेल्या पाच गाड्या मला तपासायच्या आहेत. त्या दिवशी मी घाईत होते. एकीत चुकले तर दुसरीतही चुकले असेन."

"त्या चालू आहेत. त्यांना हात लावायचा नाही. पालकांना पुन्हा काहीतरी दिसायला नको."

"ही पण चालूच होती, साहेब. चौकापर्यंत."

मॅनेजरने वॉचमनला बोलावलं.

रात्री ताईने सगळं ऐकून घेतलं. शेडमधल्या कामातलं निम्मं काम त्या डेपोचं होतं, सीटकव्हरांचंसुद्धा. ती ओरडेल म्हणून झारीबाई ताटावर मान खाली घालून बसली होती. ताईने तिच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "त्या सहाही काचांचं दुसरं टोक मी धरलं होतं. सकाळी मीही येते."

सकाळी साडेनऊला दोघी बहिणी डेपोच्या फाटकासमोर हजर. झारी, दोन बादल्या, खडू, प्राइमरच्या चार बाटल्या, आणि ताईचं लाकडी स्टूल.

"मावशी, मला सोडता येणार नाही," वॉचमन गयावया करायला लागला. "माझी नोकरी जाईल हो."

"तुझी नोकरी सांभाळ, बाबा. मला आत यायचंच नाही. फाटकाबाहेरचा रस्ता काही तुझ्या साहेबांच्या बापाचा नाही." आणि रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून ती बसली.

मुलांना शाळेत सोडून गाड्या दहाच्या सुमाराला परत येत. त्या पाचांपैकी पहिली गाडी दिसली तशी झारीबाई उठून उभी राहिली. ती हात करणार होती, विनवणार होती, वेळ पडली तर आडवीसुद्धा होणार होती. विनवण्या करायची तिला सवय नव्हती, म्हणून रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. गाडी फाटकाकडे वळलीच नाही. ती सरळ येऊन तिच्यासमोर कडेला थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, उतरला आणि म्हणाला, "बघा, बाई." तिच्या मागे दुसरी लागली. मग तिसरी. पाचही गाड्या फाटकाबाहेर ओळीने उभ्या राहिल्या. काकाची गाडी अजून दुरुस्तीत होती, तो सायकलवरून उतरला, बाह्या दुमडल्या आणि काही न विचारता झारी उचलून खालच्या कडेला पाणी सोडायला लागला.

पहिली कोरडी निघाली. दुसरीच्या खालच्या कडेला खडू भिजला. "ही माझी चूक!" ती रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली आणि ताईने दारावर खडूने फुली मारली. तिसरीवर पाणी सुरू होतं तेव्हा मॅनेजर फाटकातून धावत आला. आज त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली होती.

"काय तमाशा चाललाय हा? गाड्या आत घ्या! सगळ्यांना काढून टाकीन!"

पाच ड्रायव्हर होते. एकही हलला नाही.

"आणि तुम्ही! लोक बघतायत. मी पालकांना काय सांगू?"

झारीबाईने गाडीतून मान बाहेर काढली. कपाळाला खडू, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"सांगा, काच बसवणारी चुकली. चुकली, आणि आता एकेक काच तपासतेय. कोण म्हणून विचारलं तर माझं नाव सांगा. घर विचारलं तर पत्ता द्या, मी दाराला कडी लावून बसत नाही. आणि तुमच्याबद्दल विचारलं, की बाई रस्त्यावर का तपासत होती, आत का नाही, तर त्याचं उत्तर तुमचं तुम्ही शोधा. तेवढं मी शोधून देणार नाही."

मॅनेजर उभा राहिला. ओळीकडे बघितलं, ड्रायव्हरांकडे बघितलं. मग वॉचमनला काहीतरी पुटपुटून आत गेला. वॉचमनने फाटकाचे दोन्ही दरवाजे सताड उघडले आणि हाक मारली, "मावशी, आत सावली आहे, या!"

"आता राहू दे," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना दिसतंय." आणि तिसरीचं मोजणं संपवून ती चौथ्या गाडीत चढली.